गप्प पडलेल्याकडे आधी जा

(किकवी येथील बैठकीत केलेल्या भाषणावरून)



भाताच्या भावाचे बोलून झाले, उसाच्या बिलाचेही झाले. आता जो विषय आहे तो पत्रिकेत शेवटी टाकला आहे, पण तो सगळ्यांत तातडीचा आहे. रस्त्यावर माणूस जखमी होऊन पडला तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचे आणि पाच-सात जण एकदम पडले तर कोणाकडे आधी जायचे, असा हा विषय. हे डॉक्टरांचे काम, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. किकवीत बसून तसे म्हणण्याची सोय नाही. पूर्वी ज्याला चार नंबरचा हायवे म्हणत आणि आता ज्याचा नंबर ४८ झाला आहे, तो पुणे-बंगळूर रस्ता आपल्या दारातून जातो. नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा, नीरेच्या पलीकडे शिरवळ, सगळी गावे या एका रस्त्याच्या कडेला बसलेली. कितीतरी जणांचे घर रस्त्याच्या एका अंगाला आणि रान दुसऱ्या अंगाला. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बाया हा रस्ता ओलांडतात आणि समोरून गाडी शंभराच्या वेगाने येते.

दूर जायला नको. १० एप्रिल २०१८ ला पहाटे खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या वळणावर मजुरांनी भरलेला टेंपो उलटला. कर्नाटकातल्या विजापूर भागातली माणसे, पोटासाठी इकडे निघालेली. अठरा जणांचा जीव गेला. २० नोव्हेंबर २०२२ ला याच रस्त्यावर पुण्याच्या नवले पुलापाशी एका अवजड गाडीने उतारावर कितीतरी वाहने एकापाठोपाठ ठोकरली. देशाचा हिशेब सरकारनेच छापला आहे, २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. आपल्या तालुक्यातली किती असतील ते तुम्हीच आपल्या गावातली घरे आठवून मोजा.

अपघात झाल्यावर तिथे पहिल्यांदा कोण पोचतो? दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला पोरगा पोचतो, रस्त्याकडेला टोमॅटोचे क्रेट लावून बसलेली बाई पोचते, हॉटेलात कपबशा विसळणारा पोचतो, बांधावरून पळत शेतकरी पोचतो. १०८ ची गाडी चांगली आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. २०१४ च्या जानेवारीत ही सेवा सुरू झाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला ९३७ गाड्या होत्या आणि गाडीत डॉक्टर असावा अशी योजना होती. पण ती गाडी लगेच निघाली तरी वाटेला वेळ लागणारच. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर, म्हणजे दुधाची एक लहान किटली. त्यातले दोन लिटर गेले की माणूस हातचा जाऊ लागतो. मांडीची मोठी शीर तुटली तर तेवढे जायला काही मिनिटे पुरतात. डॉक्टर मंडळी पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ म्हणतात, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कावली नावाच्या शल्यविशारदाने ही कल्पना रुजवली आणि आपल्या मोटार वाहन कायद्यातही ती आली आहे. पण तास हा काही मंत्र नाही. ज्याची शीर उघडी आहे त्याचा तास पाच मिनिटांचा असतो आणि ज्याचा घसा बंद झाला त्याचा त्याहूनही लहान. ती मिनिटे कोणत्याही डॉक्टरच्या हातात नाहीत. ती आपल्या हातात आहेत.

आता अपघाताच्या जागी काय चालते ते बघा. जीप उलटलेली आहे, सात-आठ माणसे विखुरलेली आहेत. गर्दी धावते ती जो मोठ्याने ओरडतो आहे त्याच्याकडे. त्याचा पाय मोडलेला असतो, हाड दिसत असते, बघवत नाही. चौघे त्याला उचलतात, पहिली गाडी थांबते तिच्यात घालतात, गाडी निघून जाते. सगळ्यांना वाटते, काम केले. आणि तिथेच पाच हातांवर एक जण उताणा पडलेला असतो. अंगावर ओरखडासुद्धा नाही, तोंडातून शब्द नाही. लोक म्हणतात, हा बेशुद्ध आहे, याला राहू दे जरा. त्याची जीभ मागे पडून घसा बंद झालेला असतो. कुणी त्याची हनुवटी वर उचलून त्याला कुशीवर वळवले असते तर तो जगला असता. त्याला लागणारे औषध एवढेच होते.

ओरडायला छातीत वारा लागतो. जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, घसा मोकळा आहे, डोक्याला अजून रक्त पोचते आहे. त्याच्या वेदना खऱ्या, पण त्याला थोडा वेळ आहे. गप्प पडलेल्याला तो नाही. आपण चळवळीतली माणसे, ओरडल्याशिवाय सरकारला ऐकू जात नाही हे आपण पुरते शिकलो आहोत. अपघाताच्या जागी ही शिकवण खुंटीला टांगून ठेवायची आणि जो ओरडत नाही त्याला शोधत जायचे.

याला डॉक्टरांच्या भाषेत ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘निवडणे’. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा सर्जन होता. त्याच्या आधी लढाईत जखमी झालेले शिपाई लढाई संपेपर्यंत तसेच मैदानात पडून राहत आणि मग अधिकाऱ्यांना आधी उचलत. लारेने हलक्या घोडागाड्या करून लढाई चालू असतानाच जखमींना आणायला सुरुवात केली आणि नियम घातला की हुद्दा बघायचा नाही, ज्याची जखम जास्त घातक त्याला आधी हात लावायचा. या गोष्टीला दोनशेहून जास्त वर्षे झाली. आपल्याकडे अजून पुढाऱ्याची गाडी धडकली की चार डॉक्टर त्याच्या कपाळावरच्या खरचटण्याला पट्टी बांधत असतात आणि ड्रायव्हर बाकड्यावर बसून असतो. जखमेला जात नसते, हुद्दा नसतो, आपला-परका नसतो. ऊसतोडीला बीडकडून आलेला मजूर आणि गावचा सरपंच एका गाडीखाली सापडले तर कोणाकडे आधी जायचे ते दोघांच्या श्वासाला विचारायचे.

निवडणे आपल्याला नवे नाही. कांदा आपण निवडतो, मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी, सडका बाजूला. फरक एवढाच की कांद्यात चांगला तो वर ठेवतात. इथे जो बिघडत चालला आहे पण वाचण्यासारखा आहे, तो वर.

ही निवड कशी करायची त्याची एक सोपी रीत १९८३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच गावच्या अग्निशमन दलाने आणि तिथल्या होग इस्पितळाने मिळून बसवली. ती डॉक्टरांसाठी नव्हती, आगीच्या बंबावरच्या माणसांसाठी होती, म्हणून ती आपल्या कामाची. एका माणसाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ द्यायचा नाही. पण तिच्याही आधी एक गोष्ट. स्वतः मरायला जायचे नाही. उलटलेल्या गाडीभोवती गर्दी जमते आणि मागून दुसरी गाडी येऊन त्या गर्दीत घुसते, असे या रस्त्यावर होते. म्हणून दोन धडधाकट पोरांनी येणाऱ्या वाहनांच्या दिशेने शंभर-दीडशे पावले मागे जायचे आणि डांबराच्या बाहेर उभे राहून टॉवेल, रात्री बॅटरी हलवत गाड्या थोपवायच्या. एकाने गाडीची चावी बंद करायची. डिझेल-पेट्रोल सांडले असेल तिथे विडी पेटवायची नाही. विजेची तार पडली असेल तर तिच्या जवळ कुणीही जायचे नाही, आधी लाईट बंद करून घ्यायची. आणि एकाने, फक्त एकाने, १०८ ला फोन लावायचा. दहा जण फोन करतात आणि दहा जण वेगवेगळे सांगतात. किलोमीटरचा दगड, पुण्याकडे जाणारी बाजू की साताऱ्याकडे जाणारी, माणसे किती, कुणी गाडीत अडकले आहे काय, एवढे सांगायचे आणि तिकडून ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. बाजू सांगायला विसरलात तर मधल्या दुभाजकामुळे गाडीला लांबून वळून यावे लागते.

मग मोठ्याने हाक द्यायची, ‘ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली या.’ जे उठून आले ते हिरवे. एका हाकेत अर्धे काम होते. आता जे आले नाहीत त्यांच्यातला जो सगळ्यांत जवळ असेल तिथून सुरुवात करायची, एकालाही न वगळता पुढे जायचे. आधी श्वास. छाती हलते का, नाकाशी गाल नेला तर वारा लागतो का? नसेल लागत तर हनुवटी उचलून डोके हलके मागे करा, तोंडात दिसणारी माती, तुटलेला दात, पान-तंबाखू बोटाने काढा. एवढ्याने श्वास आला तर तो लाल, त्याला कुशीवर वळवा म्हणजे रक्त आणि ओकारी घशात न जाता बाहेर पडेल. एवढे करूनही श्वास नाहीच आला, तर तो काळा. त्याला सोडून पुढे जायचे.

हे बोलणे सोपे, करणे फार अवघड. त्यातला एखादा आपल्या ओळखीचा असतो, नात्यातला असतो. म्हणूनच आज, डोके शांत असताना, हे बोलून ठेवायचे. जखमी एकच असेल आणि हात भरपूर असतील तर त्याला सोडायचे नाही, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर-सव्वाशेच्या मधल्या चालीने, दोन इंच खाली जाईल असे दाबत राहायचे, दमला की दुसऱ्याने घ्यायचे. पण आठ जण पडलेत आणि आपण तिघे आहोत, अशा वेळी गेलेल्यापाशी बसलो तर जाणारे तीन जण हातचे जातील.

ज्याचा श्वास चालू आहे त्याचा वेग बघा. दहा सेकंदांत पाचाहून जास्त वेळा धापा टाकत असेल तर लाल. मग मनगट. अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवली आणि नाडी लागली नाही तर लाल. नखावर दाबून सोडले आणि पांढरा पडलेला रंग ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणेपर्यंत परतला नाही तरी तेच. शेवटी सांगा, ‘माझा हात दाब.’ दाबला नाही तर लाल. हे तिन्ही ठीक आहे पण उठता येत नाही, तो पिवळा. मांडीचे हाड मोडलेला, मघाशी ओरडत होता तो, बहुधा इथे बसतो. फडक्याच्या रंगीत चिंध्या हाताला बांधा, चिंध्या नसतील तर खडूने, कोळशाने कपाळावर खूण करा. पुढे येणाऱ्या डॉक्टरला एका नजरेत कळले पाहिजे. आणि ही निवड एकदाच करून भागत नाही. पिवळ्याचा लाल होतो, हिरव्याचाही होतो. झाडाखाली बसलेल्यांकडे दर पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी फेरी मारली पाहिजे.

या रीतीला एक अपवाद आहे आणि तो शेतकऱ्याने पाठ करून ठेवावा. वीज पडली तर निवड उलटी करायची. भाताच्या लावणीला पाच-सहा बाया खाचरात वाकलेल्या असतात आणि एक वीज सगळ्यांना पाडते. यातल्या ज्या कण्हत आहेत, हलत आहेत, त्या बहुतेक जगतात. ज्या निपचित पडल्या आहेत, श्वास नाही, नाडी नाही, त्यांचे काळीज विजेच्या झटक्याने थांबलेले असते आणि ते पुन्हा चालू होण्याजोगे असते. म्हणून मेल्यासारख्या दिसणाऱ्यांकडे आधी जायचे, छाती दाबायची आणि तोंडाने श्वास द्यायचा. वीज पडलेल्याच्या अंगाला हात लावला तर शॉक बसतो ही समजूत साफ खोटी आहे. तारेला चिकटलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे आधी लाईट बंद.

आता गाडीत कोणाला घालायचे? यात आपण सगळ्यांत जास्त चुकतो असे आमचे मत आहे. जगभर मोठ्या अपघातांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्यांना कमी लागले ते मिळेल त्या वाहनाने आधी दवाखान्यात पोचतात, सगळ्या खाटा आणि सगळे डॉक्टर त्यांच्यात गुंततात आणि खरे अडलेले मागून येतात तेव्हा त्यांना हात लावायला माणूस उरत नाही. म्हणून झाडाखालच्या हिरव्यांना पहिल्या जीपमध्ये बसू द्यायचे नाही, ते कितीही कळवळून बोलले तरी. लाल आधी. आणि सगळ्यांना एकाच दवाखान्यात ओतायचे नाही. काही भोरला, काही शिरवळला, काही पुण्याला. ज्याचे डोके फुटले आहे किंवा पोट फुगते आहे त्याला चार खाटांच्या दवाखान्यात नेऊन तिथून पुढे पाठवण्यात तास जातो, त्याला शक्य तर थेट शल्यक्रिया होते तिथेच न्यावे.

काळूबाईच्या मांढरदेवीला आपल्या भागातून किती माणूस जातो ते सांगायला नको. २५ जानेवारी २००५ च्या पौष पौर्णिमेला तिथे चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, अडीचशेहून अधिक माणसे गेली. चेंगराचेंगरीत माणसे बहुधा रक्त जाऊन मरत नाहीत. छाती फुगवायला जागा उरत नाही म्हणून गुदमरून मरतात. अंगावर जखम दिसत नाही. अशा जागी जो नुसता रक्ताने माखलेला शोधत फिरतो त्याला मरणारा माणूस दिसतच नाही. एकावर एक पडलेल्यांना बाजूला करून, उताणे-पालथे न ठेवता कुशीवर वळवत जायचे, घसा मोकळा करायचा, हेच तिथले पहिले काम. यात्रेला टोळीने जाणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावे.

रक्त थांबवण्याची रीत अशी. स्वच्छ फडके घ्या, नसेल तर अंगातला सदरा घ्या, जखमेवर ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाकून दाबा. थांबले का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचे नाही, बघितले की धरलेली गुठळी सुटते. फडके भिजले तर वर दुसरे ठेवा, खालचे काढू नका. खोल जखम असेल तर फडके बोटाने आत ठासा आणि मग दाबा. हळद, चहापूड, चुना, माती यांतले काही भरू नका. हाताला किंवा पायाला कारंजे उडते आहे आणि दाबून थांबत नाही, अशाच वेळी आवळपट्टी. चार बोटे रुंद कापडी पट्टी, जखमेच्या वर चार बोटे सोडून, कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर नको, गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्या. दुखेल, दुखू द्या. सुतळी, तार, कासरा वापरू नका, ते कातडीत रुततात. किती वाजता बांधली ते तिथेच लिहून ठेवा आणि मध्ये मध्ये सैल करू नका, ती डॉक्टरच सोडेल. साप चावल्यावर मात्र आवळपट्टी बांधायची नाही, तिथे ती हात-पाय घालवते. तिथे हात किंवा पाय न हलवता दवाखान्यात पळणे एवढेच. अंगात सळई, पहार, काच घुसली असेल तर उपसू नका, तीच आतल्या शिरेला बूच असते, भोवती फडकी लावून तशीच न्या. आणि घोंगडी पांघरा. रक्त गेलेला माणूस गार पडतो आणि गार पडला की रक्त गोठायचे थांबते. भर उन्हातसुद्धा डांबरावर उघडा पडू देऊ नका.

पाण्याचे काय? हा आपल्याकडचा सगळ्यांत नाजूक मुद्दा. जखमी ‘पाणी, पाणी’ करतो. पाण्यावाचून माणूस गेला हा ठपका आपल्या समाजात फार मोठा, म्हणून लोक पहिल्यांदा तांब्या शोधतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी छातीत उतरते आणि तो पाण्याने मरतो. शुद्धीत असला तरी तासाभराने त्याला भूल द्यावी लागणार असते आणि भरल्या पोटी भूल घातक. ओले फडके ओठांवरून फिरवा, त्याचा हात धरा, बोलत राहा. चहा, सरबत, दारू काही नाही. फेफरे आल्यास चप्पल-कांदा हुंगवू नका, तेवढ्या वेळात कुशीवर वळवा.

मानेची काळजी वेगळी घ्यायची. हात-पाय धरून पोत्यासारखे उचलले की मोडलेल्या मणक्यातला मज्जारज्जू तुटतो आणि जगला तरी माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. एकाने दोन्ही हातांनी डोके आणि मान एका रेषेत धरायची, बाकी तिघा-चौघांनी एका आवाजात एकदम वळवायचे, फळीवर, दारावर, बाजेवर घ्यायचे. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांतून आजाऱ्याला डोलीत घालून डोंगर उतरवणारी माणसे आपल्यात आहेत, तोल कसा राखायचा ते त्यांनी शिकवावे. पण श्वास बंद आहे आणि मानही मोडली असावी असा पेच पडला तर श्वास आधी. हेल्मेट श्वासाच्या आड येत नसेल तर काढायच्या भानगडीत पडू नका.

कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात बोट तुटले तर ते बोट फेकू नका. ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट नुसतेच बर्फात घातले तर ते करपते.

आणखी एक माणूस आहे ज्याच्याबद्दल आम्हाला जास्त भीती वाटते. मोटरसायकलवरून पडतो, उठतो, कपडे झटकतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, चहा पितो, घरी जाऊन झोपतो आणि सकाळी उठत नाही. डोक्याच्या कवटीत शीर हळूहळू वाहत असते. डोके आपटलेला माणूस काही क्षण जरी बेशुद्ध झाला असेल, ओकला असेल, बोलणे असंबद्ध असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल, तर तो चालत असला तरी दवाखान्यात. ट्रॅक्टरच्या चाकाखाली पोट आलेल्याचेही तेच. पोट दगडासारखे लागते, घाम गार सुटतो, तोंड पांढरे पडते. रक्त आतल्या आत जात असते.

‘हे सगळे खरे, पण पोलिसाचे लचांड कोण मागे लावून घेणार?’ हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि तो खोटा नाही. उभ्या पिकातून उठून तारखांना फेऱ्या मारलेली माणसे आपण पाहिली आहेत. म्हणून कायदा नीट समजून घ्या. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले, कुणीतरी त्याला जवळच्या इस्पितळात नेले, डॉक्टर म्हणाले ही पोलीस केस आहे, आम्हाला अधिकार नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या. तो वाटेत मेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल लागला की सरकारी असो, खासगी असो, प्रत्येक डॉक्टरने जखमीला आधी वाचवायचे, कागद नंतर. पुढे सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ ला त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यालाही संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच घातले गेले. तुम्ही जखमीला पोचवलेत तर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही, थांबवून ठेवू शकत नाही. चांगल्या हेतूने मदत करताना काही कमी-जास्त झाले तरी तुमच्यावर दावा चालत नाही. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या इस्पितळात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही केंद्राने काढली आहे. कागदावर आहे ते खिडकीवर मिळते असे आम्ही म्हणत नाही, तुम्ही आम्हाला हसाल. पण मागायला कागद आहे. खिडकीवर कुणी अनामत मागितली तर या कलमाचे नाव घ्या आणि चौघे जण मिळून घ्या.

जाता जाता उसाच्या गाड्यांचे. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर मागे लावून ट्रॅक्टर या रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. रात्री मागून येणाऱ्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. एका ट्रेलरला पट्टी लावायला एक पोते खताएवढाही खर्च येत नाही. कारखान्यांनी ती लावावी हे आपण मागूच, पण तोवर ट्रॅक्टर ज्याचा त्याने उद्याच लावावी.

प्रत्येक गावात हॉटेलवर नाहीतर दूध डेअरीत एक पिशवी टांगलेली असावी असे ठरवू. जुन्या सुती लुगड्यांच्या उकळून उन्हात वाळवलेल्या पट्ट्या, दोन काठ्या, बॅटरी, रबरी हातमोजे, तीन रंगांच्या चिंध्या, खडू. हे काम बचत गटाच्या बायांनी घ्यावे असे आम्हाला वाटते. गडी माणसे गाडी आणायला पळतात, जखमीपाशी बसून राहतात त्या बायाच.

आता चहा येईल. चहानंतर मागच्या पटांगणात दहा जणांनी जखमी होऊन पडायचे आहे. त्यांतल्या तिघांनी अजिबात आवाज करायचा नाही. कोणी कुठे पडायचे ते आम्ही कानात सांगू. बाकीच्यांनी आपापला टॉवेल आणि एक काठी घेऊन पाच-पाचांच्या टोळ्या करा.